पाठमोरं

१

आमचं फ्रेमचं दुकान आहे. ताई आणि मी, दोघी मिळून चालवतो. लोक फोटो आणतात, चित्रं आणतात, मुलांची प्रमाणपत्रं आणतात. आम्ही ते काच आणि पुठ्ठ्याच्या मध्ये बसवतो, भोवती लाकडाची पट्टी मारतो आणि परत देतो. पुढे काउंटर आहे, तिथे मी असते. गिऱ्हाइकाशी बोलायचं, माप घ्यायचं, चित्राभोवतीचा पांढरा माउंट कापायचा, ही माझी कामं. मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं. तिथे ताई. काच तिची. काच कापायच्या हिऱ्याने एकच सरळ रेघ ओढायची, बारीक किरकिर ऐकू यायची, मग टेबलाच्या कडेवर हलकासा दाब आणि टक्. पुढे बसून नुसत्या आवाजावरून मला कळायचं, काच सरळ तुटली की वाकडी. वाकडी फारशी तुटायचीच नाही.

एका दुपारी ती मोठ्या आरशाच्या मागे तार ताणत होती. तार पकडीतून निसटली आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बसली. डॉक्टरांनी बरेच प्रयत्न केले, पण शेवटी डोळा काढावा लागला. जखम भरल्यावर तिथे खोटा डोळा बसवला. इतका हुबेहूब की नव्या गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही.

"हाच बरा," ताई म्हणायची. "कधी लाल होत नाही, कधी चुरचुरत नाही आणि ह्यांच्या विनोदांवर पाणीही काढत नाही."

'हे' म्हणजे आमचे भावोजी. बसच्या वर्कशॉपमध्ये काम करतात आणि दिवसभर साठवलेले विनोद संध्याकाळी घरी येऊन सांगतात.

थट्टा ठीक होती. पण ताई चहा ओतायची तो कपाच्या बाजूला पडायचा. जिना उतरताना शेवटची पायरी संपली की अजून आहे, हे तिला पायाने चाचपून बघावं लागायचं. आणि दुकानात हिरा काचेला टेकायच्या आधीच थबकायचा, नाहीतर टेकल्यावर भलतीकडे घसरायचा. तिने एक काच फोडली, दुसरी फोडली, मग हिरा फडक्यात गुंडाळून खणात ठेवून दिला. आम्ही काच बाहेरून कापून आणायला लागलो.

"हात तोच आहे गं, छोटे," ती एकदा मला म्हणाली. "पण त्याला कुठे जायचंय ते कळत नाही. सगळं कागदावर काढल्यासारखं दिसतं. तूसुद्धा."

मी हसले. ती हसली नाही.

२

डोळ्यांच्या दवाखान्यात एक बाई आहेत. औषध देणाऱ्या नाहीत, डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या. उंच, शांत, बोलताना खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं एकेक वाक्य पुरं करणाऱ्या. ताईला मी त्यांच्याकडे घेऊन गेले.

बाईंनी तिला समोर दोन पेन्सिली उभ्या करून दाखवल्या. एक जवळ, एक लांब. "कुठली जवळ आहे?"

"काय माहीत," ताई म्हणाली.

"आता मान थोडी डावीकडे-उजवीकडे हलवा. हळू. जवळची पेन्सिल जास्त सरकेल, लांबची कमी."

ताईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी उजळलं. "उजवी. उजवी जवळ आहे."

"बघा. एक डोळा गेला म्हणून खोली कळायची थांबत नाही. स्थिर चित्रात जे मिळत नाही, ते हालचालीत मिळतं."

मग त्यांनी कपाटातून पुठ्ठ्याची एक गोल तबकडी काढली. तिच्यावर काळ्या शाईने वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ असं काढलं होतं. पण सगळी एकाच मध्यावर नव्हती, प्रत्येक जरा एका बाजूला कललेलं होतं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी ठेवून त्यांनी तो सुरू केला.

"काय दिसतंय?"

"वर्तुळं एकमेकांत घरंगळताहेत," मी म्हणाले.

"विहीर," ताई म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही एक डोळा झाका."

मी झाकला. क्षणभर काही नाही. मग पुठ्ठा फुगला आणि समोर आला. एक निमुळता डोंगर झाला, खरा, भरीव, डोलत डोलत फिरणारा. मी दचकून हात काढला. पुन्हा पुठ्ठा.

"अय्या!"

बाईंना हे रोजचंच असावं. "दोन डोळे दोन चित्रं पाठवतात. मन ती एकमेकांशी ताडून बघतं आणि म्हणतं, हा पुठ्ठा सपाट आहे. एका डोळ्याला साक्षीदार नसतो. मग मन हालचालीवर भरवसा ठेवतं. ही वर्तुळं अशी सरकत असतील तर ती कुठल्या घट्ट वस्तूची असतील, असा अंदाज बांधतं. म्हणून ताईंना हे तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं."

"पण हिला विहीर आणि मला डोंगर?"

"दोन्ही बरोबर. टोक आत आहे की बाहेर, हे चित्रात नसतंच. ते मन ठरवतं, आणि मध्येच मत बदलतं. सगळ्यांचंच पालटतं. थोडा वेळ बघत बसलं की डोंगराची विहीर, विहिरीचा डोंगर."

ताई अजून तबकडीकडेच बघत होती. "माझं नाही पालटत," ती म्हणाली.

"पालटेल," बाई म्हणाल्या, आणि तबकडी तिला घरी न्यायला दिली.

३

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर होता. भावोजींनी तो उतरवला, त्याचा पट्टा बदलला, तेल घातलं. दुकानात मागच्या टेबलाच्या एका टोकाला तो मांडला. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ताई त्याच्यासमोर स्टुलावर बसायची. मोटारची मंद घरघर पुढे माझ्यापर्यंत यायची. पहिले काही दिवस मी तिकडे लक्ष द्यायचे, मग घड्याळाच्या टिकटिकीसारखी ती ऐकू येईनाशी झाली.

आणि ताई सुधारली. हे मला नीट सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात हेच हरवून जातं. चहा कपात पडू लागला. जिना ती गप्पा मारत उतरू लागली. एका सकाळी मागून ती ओळखीची किरकिर ऐकू आली, मग टक्. मी हातातलं काम टाकून आत धावले. ताई काचेचे दोन तुकडे दोन हातांत धरून उभी होती. कड सुरीसारखी सरळ.

"रडू नकोस," ती म्हणाली. "काचेवर डाग पडतील."

त्या संध्याकाळी भावोजींनी घरी सांगितलं, "मेव्हणीबाई, आता मला त्या पुठ्ठ्यासमोर बसवा. पगारही जरा खोल दिसेल."

ताईने आता स्वतःच तबकड्या बनवायला घेतल्या. माउंटचा पुठ्ठा होताच. कंपास लावून ती वर्तुळं काढायची, आधीच्यापेक्षा जास्त आणि बारीक. बाईंची तबकडी म्हणजे बादली, माझी म्हणजे विहीर, असं ती म्हणायची. सगळ्यात आतलं वर्तुळ नखाएवढं, रिकामं, पांढरं. मी एकदा डोळा झाकून तिची एक तबकडी पाहिली. मला डोंगर दिसला, मग विहीर, मग पुन्हा डोंगर. मी परत काउंटरवर आले.

बारीक खिळे ओठांत धरून काम करायची ताईची सवय आहे. त्या दिवशी ती तशीच, ओठांत खिळे धरून, तबकडीवर वाकलेली होती. दार उघडं होतं, मला ती दिसत होती. एकदम ती ताठ झाली.

"अगं, पडला!"

मी मान फिरवून पुन्हा मापाच्या पट्टीकडे वळले. पट्टीवरचा आकडा वाचला. कागदावर लिहिला. आणि मग मला खिळ्याचा आवाज आला. बारीक, लांबचा, भोवती थोडासा घुमणारा. रिकाम्या जिन्यात वरून काही टाकलं की खालून येतो तसा.

मी उठून आत गेले. "कुठे पडला?"

"आत," ताई म्हणाली, अगदी सहज.

मी टेबलाखाली बघितलं, ब्लँकेट झटकलं, प्लेअर उचलून पाहिला. खिळा नव्हता. आमच्याकडे खिळे रोज हरवतात आणि झाडताना रोज सापडतात. आवाजाचं म्हणाल तर शेजारी घराचं काम चालू होतं; तिथे दिवसभर काही ना काही पडत असायचं. मी स्वतःला एवढं सांगितलं आणि ते मला पटलं. फक्त एक गोष्ट. मी आत गेले तेव्हा ताई कान तबकडीकडे करून बसली होती, विहिरीत दगड टाकल्यावर माणूस बसतो तशी.

४

काही दिवसांनी आम्ही दोघी मागच्या खोलीत डबा खात होतो. प्लेअर चालूच होता. ताई घास घेता घेता तिकडे बघत होती.

"खाली कोणीतरी आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"तळाशी. लहानशा वर्तुळात."

मी तबकडीकडे पाहिलं. पांढरा नखाएवढा गोल, फिरत होता. "काही नाही तिथे."

"तुला दोन डोळ्यांनी कसं दिसेल?" हे तिने चिडून नाही, समजावून सांगितलं. "पाठमोरं बसलंय. मान खाली घालून. काहीतरी काम करत असावं. आपल्याकडे लक्ष नाही त्याचं."

"बाई आहे की पुरुष?"

"ते कळण्याएवढं जवळ नाही."

मी हात धुऊन आले आणि प्लेअर बंद केला. तबकडी उचलून खिडकीशी नेली. पुठ्ठा स्वच्छ होता. पेन्सिलीची खूण नाही, डाग नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. मी ती उलटी केली. मागेही काही नव्हतं. मला माझंच हसू आलं. पुठ्ठ्यातला माणूस मागच्या बाजूने बाहेर आला असेल म्हणून मी बघितलं होतं की काय!

"मिळालं?" ताईने विचारलं. ती मला हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला न सांगता दवाखान्यातल्या बाईंना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असं होतं," त्या म्हणाल्या. "नजर गेली की रिकाम्या जागेत मन आपल्या पदरचं भरतं. माणसं दिसतात, झाडं दिसतात. वेड नाही ते."

"ती म्हणते पाठमोरं आहे."

"एखादी काळी आकृती डोळ्यांपुढे आणा, नुसती कड, आत काही नाही. ती तोंड करून बसली आहे की पाठ करून, कसं सांगाल? कड दोन्हींची एकच असते. ताईंच्या मनाने पाठ ठरवली, इतकंच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तरी काही दिवस तबकडी बंद ठेवा. डोळ्याला विश्रांती मिळू द्या."

ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती मुळीच भांडली नाही. तिने स्वतः सगळ्या तबकड्या गोळा करून कपाटावर टाकल्या.

"मी काही त्याला भेटायला जात नाही तिथे," ती म्हणाली. "मला काच कापता यावी एवढंच आहे."

५

आठवडा सरला नाही तोच चहा पुन्हा बशीत पडू लागला. भावोजी फडक्याने पुसून घेत राहिले. मग ताई जिन्यावरून घसरली. फार लागलं नाही, पण नंतर ती कठडा दोन्ही हातांनी धरून उतरू लागली. बाईंनी शिकवल्याप्रमाणे ती मान हलवायची, नाही असं नाही. पण तबकडीपुढे बसून जे झटक्यात आलं होतं, ते असं हळूहळू यायला तिला धीर नव्हता.

आणि मग काच. मोठ्या तसबिरीची, माझ्या हाताच्या लांबीची. मी किरकिर ऐकली आणि कानानेच कळलं की रेघ वाकडी चालली आहे. मी "ताई, थांब" म्हणेपर्यंत काच फुटली होती. तळहातावर लांब चीर गेली. दवाखान्यात टाके घालताना ती छताकडे बघत होती.

संध्याकाळी भावोजी दुकानात आले. पट्टी बांधलेला तिचा हात त्यांनी बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला. मग खुर्चीवर चढून कपाटावरच्या तबकड्या खाली काढल्या आणि फुंकर मारून धूळ उडवली.

"भावोजी, बाईंनी नको म्हटलंय," मी म्हणाले.

"बाईंना काय वाटायचं ते वाटू दे. हिला काच दिसली पाहिजे." ते विनोद करत नव्हते. "पाठ करून बसलंय ना? बसू दे. कोणाचं काय बिघडतंय?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दुपारपासून घरघर पुन्हा सुरू झाली. काच आठवड्याभरात सरळ तुटू लागली.

६

ताईचा खोटा डोळा मधूनमधून घासून नीट करून घ्यावा लागतो. त्यासाठी भावोजी तिला घेऊन गेले होते. दुपारची वेळ, ऊन काउंटरच्या पायापर्यंत आलेलं. एका गिऱ्हाइकाची फ्रेम तयार होती, तिला मागे तार लावायची राहिली होती, म्हणून मी मागच्या खोलीत गेले.

तबकडी प्लेअरवर होती. ताईने केलेली सगळ्यात नवी, सगळ्यात जास्त वर्तुळांची.

मला भुतंखेतं बघायची हौस नाही. मी फक्त खात्री करून घेणार होते: एका डोळ्याने बघायचं, तळाशी काही नाही हे बघायचं, आणि ताईला तसं सांगायचं. मी प्लेअर सुरू केला, स्टुलावर बसले, कोपर टेबलावर टेकवून डावा डोळा तळहाताने झाकला.

मला नेहमी आधी डोंगर दिसतो. आज विहीर दिसली. पुठ्ठा मऊपणे खाली खाली गेला, कडं मागून कडं, आणि थांबला नाही. मी मनात बाईंचं वाक्य म्हणत होते, एका डोळ्याला साक्षीदार नसतो, एका डोळ्याला साक्षीदार नसतो. विहीर इतकी खोल झाली की टेबलाचे पाय, फरशी, सगळं तिच्या वरच राहिलं असावं असं वाटलं. गार वाटलं. पंखा बंद होता हे मला ठाऊक होतं. मी तो येताना लावला नव्हता. पण दार उघडं होतं, वारा येतो कधीकधी.

तळाशी पांढरा गोल होता. त्यात करडं काहीतरी.

धूळ, मी म्हणाले. मग म्हणाले, पापणीचा केस. मी डोळा मिटला, उघडला. ते तिथेच होतं. मान खाली, खांदे पुढे आलेले, कोपरं अंगाशी. काम करत बसलेलं माणूस मागून दिसतं तसं. विहीर सगळी डोलत फिरत होती आणि ते फिरत नव्हतं. ताईने सांगितलं होतं अगदी तसं, आणि खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा सुटल्यासारखं वाटलं. पाठमोरंच तर आहे. आपल्याकडे लक्ष नाही त्याचं.

मग पालटलं.

माझं नेहमीच पालटतं, मी ते सांगितलंच. त्यात काही विशेष नाही. आवाज होत नाही, धक्का बसत नाही; आत होतं ते बाहेर येतं, इतकंच. विहिरीचा तळ डोंगराचं टोक झाला आणि ते टोक माझ्या डोळ्यासमोर होतं. ते वळलं नाही. हे मी कितीदा आठवून पाहिलंय. मान तीच, खांदे तेच, कड तीच, एका केसाचाही फरक नाही. फक्त आता ती पाठ नव्हती.

आणि माझी पापणी कशाला तरी घासली.

हात कधी निघाला मला माहीत नाही. दोन्ही डोळे उघडे होते आणि समोर पुठ्ठा होता, सपाट, काळ्या वर्तुळांचा, त्याच्या मधोमध प्लेअरची लोखंडी सळी. मी तो बंद केला. घरघर थांबल्यावर खोली इतकी शांत झाली की पुढच्या काउंटरवरच्या माझ्याच घड्याळाचा आवाज मला नवा वाटला.

७

ताई आली, तिने पिशवी ठेवली, माझ्याकडे पाहिलं. भावोजी तिला सोडून परस्पर कामावर गेले होते.

"बघितलंस," ती म्हणाली.

"हो."

"आहे ना?"

मी होकारार्थी मान हलवली. ती समोरच्या स्टुलावर बसली. तिला बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांनी दुसऱ्या कोणी तरी बघितलं होतं. मग तिला माझा चेहरा नीट दिसला असावा.

"पालटलं का तुझं?"

मी तारेचं वेटोळं उचलून बाजूला ठेवलं.

"छोटे, पालटलं का?"

"हो."

टाके घातलेला तळहात तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हळूहळू चोळला. "मला वाटत होतं ते आपलं काम करतंय," ती म्हणाली. "मी इतके दिवस त्याच्या पाठीकडे बघत होते असं मला वाटत होतं."

"ताई, ती पाठच आहे. बाई म्हणाल्या ना, कड एकच असते. आपलं मन ठरवतं."

"माझं मन ठरवतं," ती म्हणाली. "तिथे बसलंय त्याने काय ठरवलंय ते कोणाला माहीत?"

तिने मला चेहऱ्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नीट दिसला नाही असं मी सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. ती उठली, माउंट कापायची सुरी घेतली आणि सगळ्या तबकड्यांच्या बारीक पट्ट्या केल्या. बाईंचीही. मी प्लेअर माळ्यावर ठेवला.

त्यानंतर ताई पुन्हा पहिल्यापासून शिकली. मान हलवायची, थांबायची, हात पुढे न्यायची. महिने गेले. बाई म्हणाल्या, हीच खरी रीत. चहा पुन्हा कपात पडू लागला, आणि पावसाळा संपता संपता काचही कापली जाऊ लागली. पूर्वीसारखी झटक्यात नाही, पण सरळ. भावोजींनी शेजारपाजारी पेढे वाटावेत तसे विनोद वाटले.

एका सकाळी आम्ही दुकानाकडे चालत येत होतो. रस्त्यात एकाने सायकल उलटी उभी करून चाक फिरवलं होतं. ताई मध्येच थांबली. माझं मनगट तिने घट्ट धरलं.

"पालटलं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, रस्ता ओलांडताना गाडी आली सांगावं तसा.

मी चाकाकडे पाहिलं. आरे, तार, रबर. "काही नाही ताई. सायकल आहे."

"दोन्ही डोळ्यांनी बघतेस ना?"

"हो. सपाट चाक आहे. तो माणूस पंक्चर काढतोय."

तिने श्वास सोडला, मनगट सोडलं, आम्ही पुढे निघालो. मला त्या दुपारी हात काढून दुसरा डोळा उघडता आला होता. ताईकडे उघडायला दुसरा नव्हता. हे मला त्या रस्त्यावर, सगळ्यांच्या वर्दळीत, पहिल्यांदा कळलं.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ते आधी थट्टा करतील आणि मग रात्रभर जागे राहतील."

तेव्हापासून आमचं हे असं चालतं. ती विचारते, मी सांगते. भिंतीतला पंखा, गिरणीचा पट्टा, वाऱ्याने भिरभिरणारी जाहिरात. "सपाट आहे ना?" "सपाट आहे." मी कधी चिडत नाही, कधी उशीर लावत नाही. डोळ्यात काही गेलं, साबण गेला, तरी मी दोन्ही उघडे ठेवते.

८

परवाची गोष्ट. दुपारी मी मागच्या खोलीत ताईसोबत बसले होते. ती काच मापत होती, मी टेबलाच्या या बाजूला पट्ट्या घासत होते. पंखा बंद, कारण काचेचा चुरा उडतो. काहीच फिरत नव्हतं. खोलीत काही हलतही नव्हतं, आमच्या हातांशिवाय.

"छोटे," ताई म्हणाली. मान वर न करता.

"काय?"

"बघ जरा."

मी बघितलं. टेबल, ब्लँकेट, काच, हिरा. तिच्यामागे भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या फ्रेमा. आमच्या दोघींच्या मध्ये टेबलाच्या रुंदीएवढी मोकळी जागा, आणि तिच्यात दुपारचा उजेड. मी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मग सवयीने मान जराशी डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"काही नाही, ताई."

"बरं," ती म्हणाली.

तिने रेघ ओढली. किरकिर सरळ गेली, टक् सरळ आलं. काच चांगली तुटली. मग तिने स्टीलची मापाची पट्टी उचलली आणि माझ्याकडे द्यायला हात पुढे केला. समोरून नाही. हात आधी बाजूला नेला, टेबलाच्या कडेकडेने, कोणी मध्ये बसलेलं असलं की आपण त्याला धक्का न लावता वस्तू देतो तसा, आणि पट्टी माझ्यासमोर धरली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. मी पट्टी घ्यायला हात पुढे केला, आणि तो वळसा घालूनच नेला.